दिसले, पण सांगायचे कुणाला?

या वेळी आलेल्या प्रश्नांचा विषय एकच आहे: पत्त्यांच्या स्पर्धेत बघणाऱ्याला नियमाची चूक दिसली, तर त्याने काय करावे? बहुतेक पत्रे मॅजिक: द गॅदरिंग (प्रत्येकाने स्वतःचा डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, जमवून खेळायचा खेळ) आणि ब्रिज खेळणाऱ्यांची आहेत, एक पोकरचे आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक खेळाचे नियमपुस्तक वेगळे असते आणि नेमक्या या बाबतीत ही पुस्तके एकमेकांच्या उलट बोलतात. एका खेळातली सवय घेऊन दुसऱ्या खेळाच्या टेबलाशी उभे राहू नका.

प्रश्न: मॅजिकच्या स्पर्धेत माझी मॅच लवकर संपली म्हणून शेजारचा खेळ बघत होतो. एका खेळाडूने एकाच टर्नमध्ये दोन लँड (मंत्र टाकायला शक्ती देणारी पाने, एका टर्नला एकच खेळता येते) खेळली. समोरच्याच्या लक्षात आले नाही. मी गप्प राहिलो. माझे चुकले का?

शिक्षा होईल असे तुमच्याकडून काही घडलेले नाही. मॅजिकच्या स्पर्धा-नियमांत प्रेक्षकावर चूक कळवण्याची सक्ती नाही. पण चूक दिसल्यास लवकरात लवकर जजला, म्हणजे पंचाला, कळवा, असे आवाहन त्यात स्पष्ट शब्दांत केलेले आहे. सक्ती आहे ती खेळणाऱ्यांवर. समोरच्याने नियम मोडल्याचे लक्षात येऊनही आपला फायदा होतोय म्हणून एखादा खेळाडू मुद्दाम गप्प बसला, तर ती फसवणूक ठरते आणि तो स्पर्धेतून बाद होतो. तेव्हा मनाला लावून घेऊ नका, पण पुढच्या वेळी सांगा.

कसे सांगायचे, ते मात्र नीट समजून घ्या. नियम किती कडक लावायचे याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत; त्यांतल्या रेग्युलर आणि कॉम्पिटिटिव्ह या दोन पातळ्यांवरच्या स्पर्धांत प्रेक्षकाला खेळाडूंना थांबायची विनंती करता येते. ‘जरा थांबा, मी जजना बोलावतो,’ एवढेच बोलायचे. पुढे एक शब्दही नको. ‘तुम्ही दुसऱ्यांदा लँड खेळलात’ हे वाक्य टेबलाशी उच्चारायचे नाही. जज आले की त्यांना दोन पावले बाजूला घेऊन सांगायचे: टेबल नंबर, टर्न कुणाचा, पहिले लँड कोणते, दुसरे कोणते आणि मधे काय काय घडले. प्रोफेशनल पातळीवर, म्हणजे प्रो टूरसारख्या स्पर्धांत, प्रेक्षकाने मॅचमध्ये थेट पडायचेच नसते. तिथे खेळ थांबवू नका. सरळ जवळच्या जजकडे चालत जा.

टेबलाशी का बोलू नये? पहिले कारण म्हणजे तुमचेच चुकलेले असू शकते, आणि लँडच्या बाबतीत ते फार सहज होते. खेळाडू एक लँड खेळतो, एक लाइफ (आयुष्याचा गुण) देऊन त्याचा बळी देतो, डेकमधून दुसरे लँड शोधून टेबलावर ठेवतो. लांबून बघणाऱ्याला दोन लँड खेळलेली दिसतात. नियमाच्या भाषेत एकच ‘खेळले’ गेले. दुसरे एका क्षमतेने ‘ठेवले’ गेले, आणि एका टर्नला एकच ही मर्यादा फक्त खेळण्याला आहे. शिवाय जास्तीचे लँड खेळायची मुभा देणारी पानेही आहेत, आणि तसे एखादे पान आधीपासून टेबलावर असेल तर ते तुमच्या जागेवरून दिसेलच असे नाही. जज ते क्षणात तपासतो. तुम्ही मोठ्याने बोललात, तर बरोबर खेळणाऱ्याची एकाग्रता मोडते आणि समोरच्याच्या मनात उगाच संशय रुजतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. दुसरे लँड टेबलावर आले त्याच क्षणी जज पोचला, तर दुरुस्ती सोपी असते: लँड हातात परत, वॉर्निंग, खेळ पुढे चालू. त्या लँडच्या जोरावर एखादा स्पेल (मंत्र) टाकून झाला असेल, तर हेड जजच्या परवानगीने एकेक पाऊल मागे जावे लागते. आता याच टेबलाचा विचार तीन टर्ननंतर करा. दोघांनी पाने ओढली आहेत. ओढलेले पान कोणते हे सर्वांना माहीत नसेल, तर मागे जाताना हातातले एक पान न बघता निवडून डेकवर ठेवायचे असते. मधे कुणी डेक पिसला असेल तर तोही आधार गेला. अशा वेळी जज बहुधा खेळ आहे तसाच पुढे चालू ठेवतो, म्हणजे चुकीचा फायदा घेतलेला खेळाडू तो फायदा राखूनच खेळतो. ‘मॅच संपल्यावर सांगू’ हा विचार म्हणूनच कामाचा नाही.

आणि एका वॉर्निंगने काय होणार, असे समजू नका. जज वॉर्निंगची नोंद ठेवतो. खेळातली त्याच प्रकारची चूक तिसऱ्यांदा झाली की वॉर्निंगच्या जागी गेम (मॅचमधला एक डाव) जातो. चूक वेळेत न पकडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही वॉर्निंग मिळू शकते, मात्र ती कितीही साठली तरी शिक्षा वाढत नाही. या नोंदी खऱ्या राहाव्यात, यासाठीही तुमचे सांगणे मोलाचे आहे.

प्रश्न: मग एखादा खेळाडू स्वतःचा ट्रिगर (ठरावीक वेळी आपोआप लागू होणारा पानाचा परिणाम) विसरला, तर तेही जजला सांगायचे का? माझ्या मित्राला दर टर्नच्या सुरुवातीला एक लाइफ मिळत होते आणि तो सलग दोनदा विसरला. तिथे उभे राहून बघणे असह्य झाले.

होत असेल, पण गप्पच राहायचे. कॉम्पिटिटिव्ह पातळीपासून वर आपले ट्रिगर लक्षात ठेवणे हा खेळाडूच्या कौशल्याचा भाग मानलेला आहे. समोरच्याचा विसरलेला ट्रिगर दाखवून देण्याचे बंधन प्रतिस्पर्ध्यावरही नाही. स्वतः जज शेजारी उभा असला, तरी फायद्याचा ट्रिगर विसरला म्हणून तो मधे पडत नाही. ट्रिगर मालकाच्याच तोट्याचा असेल, किंवा तो मुद्दाम विसरतोय असा संशय असेल, तेव्हाच पडतो. म्हणून तोट्याचा ट्रिगर विसरलेला दिसला तर जजला जरूर सांगा. मित्राचे एक लाइफ राहिले तर राहू द्या.

मनात एक कसोटी ठेवा: मला आत्ता जे दिसले ते जजने स्वतः पाहिले असते, तर त्याने खेळ थांबवला असता का? थांबवला असता तर सांगा. नसता, तर ती खेळाडूची चाल आहे, चांगली असो वा वाईट.

याच्या पलीकडे गेलात, तर प्रकरण गंभीर होते. मॅच सुरू असताना खेळाडूला सल्ला देणे किंवा लपलेली माहिती फोडणे याला बाहेरची मदत म्हणतात आणि त्याची शिक्षा मॅच गमावणे ही आहे. तुम्ही त्याच स्पर्धेत खेळत असाल, तर ती तुम्हालाच भोगावी लागते, फक्त बघायला आला असाल तर बाहेर काढले जाऊ शकते. ‘हल्ला केला असतास तर गेम संपला होता’ हे वाक्य दोन गेमच्या मधल्या वेळेतसुद्धा चालत नाही, कारण मॅच अजून सुरू आहे. तोंडाने न बोलता जिभेचे च्यक् च्यक्, एखाद्या पानाकडे टक लावून बघणे, मित्राने पान उचलताच मान हलवणे, हे सगळे त्यातच मोडते.

एक गोष्ट पत्रात नाही, पण सांगायलाच हवी. मित्र खेळत असताना फक्त समोरच्याच्याच चुका दिसतात. हे मुद्दाम होत नाही, नजर तिकडेच जाते. मित्राच्या चुका जजला सांगायची तयारी नसेल, तर त्याच्या टेबलाशी उभेच राहू नका. तुम्ही फक्त एका बाजूचे पहारेकरी आहात हे जजच्या लवकरच ध्यानात येते, आणि मग तुमच्या खऱ्या सांगण्यालाही वजन उरत नाही. तसेही, अमक्याने माझी मॅच बघू नये अशी विनंती जजमार्फत करायचा हक्क खेळाडूला आहे. ती झाली तर वाद न घालता बाजूला व्हा.

प्रश्न: ब्रिजमध्ये उतरलेल्या रंगाचे पान हातात असूनही दुसऱ्या रंगाचे टाकलेले मला स्पष्ट दिसले. डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) सांगावे म्हणून उठले, तर एका जुन्या खेळाडूने हाताला धरून खाली बसवले. असे का?

त्यांनी तुम्हाला वाचवले. इथे मॅजिकच्या बरोबर उलट नियम आहे. डुप्लिकेट ब्रिजच्या 2017 च्या नियमावलीतला 76 वा नियम प्रेक्षकांसाठीच आहे. परवानगीशिवाय एकाहून अधिक खेळाडूंची पाने बघायची नाहीत. डाव चालू असताना बोलीवर किंवा खेळावर कोणतीही प्रतिक्रिया दाखवायची नाही. खेळातल्या कुठल्याही गोष्टीकडे टेबलाशी लक्ष वेधायचे नाही. आणि वस्तुस्थितीबद्दल किंवा नियमाबद्दल बोलायचे ते डायरेक्टरने विचारले तरच.

हा कडकपणा का, हे तुमच्याच प्रसंगासारख्या एका डावावरून बघू. इस्पिक हुकूम आहे. डिक्लेररने (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने) बदाम उतरले, पश्चिमेला बसलेल्या खेळाडूने किलवरची चव्वी टाकली. तुम्ही पश्चिमेच्या मागे बसला आहात आणि त्याच्या हातात चौकटच्या राणीमागे बदामची छक्की अर्धवट झाकलेली दिसते आहे. दोन्ही रंग लाल, पाने घाईत लावलेली. अशा चुका बहुतेक वेळा अशाच होतात. आता तुम्ही नुसते सावरून बसलात, खुर्ची करकरली. पश्चिमेने पुन्हा पानांकडे पाहिले, छक्की सापडली.

त्या एका हालचालीने काय बदलले बघा. रंग न देण्याची चूक पक्की होते, ती चूक करणारा किंवा त्याचा जोडीदार पुढच्या हाताला (हात म्हणजे चौघांनी एकेक पान टाकण्याची फेरी) पान टाकतो तेव्हा. त्याआधी लक्षात आले तर ती सुधारावीच लागते: पश्चिम बदाम देतो, किलवरची चव्वी दंडाचे पान म्हणून टेबलावर उघडी राहते आणि नियमाने टाकता येईल त्या पहिल्या संधीला टाकावी लागते. पण चूक पक्की झाली, तर हातच हस्तांतरित होतात. ज्या हाताला चूक झाली तो चूक करणाऱ्यानेच जिंकला असेल, तर तो हात आणि त्यानंतर त्याच्या बाजूने जिंकलेल्यांपैकी आणखी एक, असे दोन जातात. त्याने जिंकलेला नसेल, पण त्याच्या बाजूने तो किंवा नंतरचा एखादा हात जिंकला असेल, तर एक जातो. एवढ्याने नुकसान भरून निघत नसेल, तर डायरेक्टर आणखी भरपाई देतो. म्हणजे तुमच्या खुर्चीच्या आवाजाने एका बाजूचा एखाद-दुसरा हात वाचतो किंवा दुसरीचा बुडतो. शिवाय पश्चिमेकडे आणखी एक बदाम आहे, हे खेळात कळायच्या आधीच सगळ्या टेबलाला कळते. ब्रिजमध्ये सारा खेळ माहितीचाच आहे.

टेबलावर बसलेल्या डमीलासुद्धा (डिक्लेररच्या जोडीदाराला, ज्याची पाने उघडी मांडलेली असतात) इथे मोकळीक नाही. डिक्लेररने रंग दिला नाही तर ‘आहे का एखादे?’ असे डमी त्याला विचारू शकतो, बचाव करणाऱ्यांना विचारू शकत नाही. आणि झालेल्या चुकीकडे लक्ष वेधायचे तर डाव पूर्ण खेळून झाल्यावरच. स्पर्धकाला एवढे बंधन असेल, तर मागे बसलेल्याला ते जास्तच असणार.

मग चूक तशीच जिरते का? तसे नाही. 81 व्या नियमाने डायरेक्टरला कोणत्याही मार्गाने कळलेली चूक ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करण्याचा अधिकार दिला आहे. आयोजकांनी वेगळी मुदत दिली नसेल, तर निकाल पाहायला ठेवल्यापासून ती 30 मिनिटे असते. पण तुम्ही आपणहून सांगत सुटायचे, असा त्याचा अर्थ नाही. विचारले तर जे पाहिले ते नेमके सांगा: कितवा हात, कोणत्या रंगाची उतारी, कोणते पान पडले, कोणते पान हातात होते. विचारले नाही तर बसून राहा. आम्हाला हा नियम पटतो, आणि तो पाळणे किती कठीण जाते याची पूर्ण जाणीव ठेवून तसे म्हणतो.

प्रश्न: एका खेळात सांगा, दुसऱ्यात गप्प बसा. यात तत्त्व काय?

ब्रिजमध्ये पाने 52, चौघांनाही प्रत्येक पानाचे मोल ठाऊक. चूक ओळखायला लागणारे ज्ञान टेबलावरच असते. मॅजिकमध्ये वेगवेगळी पाने पंचवीस हजारांहून अधिक आहेत, बहुतेकांवर स्वतःचा मजकूर आहे आणि नियमांचा मुख्य दस्तऐवज अडीचशे पानांच्या पुढे जातो. दोन्ही खेळाडू प्रामाणिक असूनही दोघांचीही चूक होऊ शकते, म्हणून तिसऱ्या डोळ्याची गरज मानली गेली. पण दोन्ही पुस्तके एका जागी भेटतात: काय चुकले ते खेळाडूंना सांगण्याचा हक्क प्रेक्षकाला कुठेच नाही. बुद्धिबळातही तेच आहे. तिथे चूक पाहणाऱ्याला फक्त पंचाला सांगता येते.

प्रश्न: थेट प्रक्षेपणात चूक दिसली तर घरबसल्या आयोजकांना कळवावे का?

खेळ सुरू असेल आणि जजपर्यंत निरोप पोचवायची सोय आयोजकांनी केली असेल, तर जरूर कळवा. पण प्रक्षेपण अनेकदा काही मिनिटे उशिराने दाखवले जाते. तुम्हाला दिसेपर्यंत दुरुस्तीची वेळ टळलेली असते. चॅटमध्ये ओरडून तर काहीच साधत नाही.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. प्रक्षेपण एकाच टेबलाचे होते. त्या टेबलाच्या चुका हजार डोळे तपासणार आणि शेजारच्या टेबलाच्या कुणीच नाही, यात समानता कुठे राहिली? गोल्फने हा प्रश्न चटका बसल्यावर सोडवला. 2017 च्या एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना तिला चार फटक्यांचा दंड झाला, तोही आदल्या दिवशीच्या चुकीसाठी आणि एका प्रेक्षकाच्या ई-मेलवरून. 1 जानेवारी 2018 पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी विचारात घेणे बंद झाले. प्रक्षेपण तपासायला स्वतःचा अधिकारी नेमायचा, असे ठरले. पत्त्यांच्या स्पर्धांनाही हीच वाट योग्य वाटते: प्रक्षेपणाच्या टेबलाशी एक जज बसवा आणि घरच्या प्रेक्षकांवर विसंबू नका. फसवणुकीचा संशय मात्र याला अपवाद आहे. तिथे उशिरा आलेली माहितीही उपयोगाची असते.

प्रश्न: फसवणूक होतेय असे वाटले, पण खात्री नाही. तर?

खात्री करणे तुमचे काम नाही. जजकडे जा, आणि टेबलाकडे बोट न दाखवता हळू आवाजात सांगा. हेतू सांगू नका, हातांनी काय केले ते सांगा. ‘तो लबाडी करतोय’ याने जजला काही मिळत नाही. ‘पिसताना तो डेकची खालची बाजू स्वतःकडे कलती धरतो आणि खाली बघतो, या गेममध्ये दोनदा पाहिले’ हे सांगितलेत, तर काय बघायचे ते त्याला कळते. बहुतेकदा जज लगेच मधे पडणार नाही. थोडे लांब उभा राहून पुढच्या वेळच्या पिसण्याची वाट बघेल. तो काही करत नाही असे वाटून तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच्याकडे गेलात किंवा मित्रांना गोळा केलेत, तर संशयित सावध होतो.

जास्तीचे पान ओढल्याचा संशय असेल, तर ताबडतोब सांगा. आत्ता हातातली, टेबलावरची आणि टाकून दिलेली पाने मोजून हिशेब लागतो. दोन टर्ननंतर तो लागेलच असे नाही. आणि नंतर ती साधी चूक निघाली, तर वाईट वाटून घेऊ नका. चूक आणि फसवणूक यांतला फरक ठरवण्यासाठीच जज प्रश्न विचारतो.

प्रश्न: पोकरच्या टेबलावर शोडाउनला (शेवटी पाने उघडून दाखवताना) डीलरने चुकीच्या माणसाकडे पॉट, म्हणजे पणाला लागलेले सगळे, सरकवला. बोलावे का?

टेबलावर खेळत असाल तर बोला, त्या डावात नसलात तरीही. पाने उघडी पडली की पानेच बोलतात. खेळाडूने तोंडाने काय जाहीर केले याला महत्त्व नाही, आणि उघड्या पानांचे वाचन चुकत असेल तर लक्षात आणून द्यावे, असे पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम सर्व खेळाडूंना सांगतात. पाने झाकलेली असताना मात्र उलट: एकाची पाने एकानेच खेळायची, सल्ला नाही. कठड्याबाहेरून बघत असाल, तर फ्लोअरवरच्या अधिकाऱ्याला गाठा.

प्रश्न: आम्ही चाळीसेक खेळाडूंची मॅजिकची स्पर्धा घेतो. बघ्यांमुळे दर वेळी भांडण होते. काय करता येईल?

पहिल्या फेरीआधी अर्ध्या मिनिटाची सूचना द्या. शब्द हेच ठेवलेत तरी चालेल: ‘मॅच संपली की खुर्ची सोडा. बघायचे तर दोन पावले मागून बघा. चूक दिसली तर “थांबा, जज” एवढेच म्हणा आणि हात वर करा. काय दिसले ते फक्त जजला सांगा.’ प्रत्येक फेरीला सांगा, कारण पहिल्या फेरीत कुणी रिकामे नसते. गर्दी होते ती तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर, दोन-चार मॅच उरल्यावर. उरलेली टेबले शक्यतो भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे खेळाडूच्या पाठीशी माणसे अडकत नाहीत.

जजलाही शिकवा. प्रेक्षकाने बोलावले की आधी त्याचे बाजूला ऐकायचे. मग टेबलाशी येऊन, कुणी काय सांगितले ते न सांगता, स्वतः प्रश्न विचारायचे: या टर्नमध्ये काय काय घडले, क्रमाने सांगा. दोन्ही खेळाडूंचे ऐकून मगच निर्णय द्यायचा. तक्रार चुकीची निघाली, तर ‘सगळे बरोबर आहे, खेळा’ म्हणून निघायचे आणि प्रेक्षकाला नंतर बाजूला घेऊन नियम समजावायचा. चारचौघांत झापलेला माणूस पुन्हा कधी काही सांगत नाही. आणि घड्याळ बघायला विसरू नका: निर्णयासाठी मॅच एका मिनिटापेक्षा जास्त थांबली, तर तेवढा वेळ वाढवून द्यायचा आणि निकालपत्रावर लगेच लिहायचा. भांडणे चुकीपेक्षा या बुडालेल्या मिनिटांवरूनच जास्त होतात.